सतरा क्रमांकाचं अक्षर

११ मार्च

मामा,

तुझं पत्र काल मिळालं. सहा ओळींचं. एरवी तू चार पानांच्या आत थांबत नाहीस, म्हणून आधी आईला फोन करून विचारलं की तुमच्याकडे सगळे बरे आहेत ना. मग पत्र वाचायच्या आधी नुसतं पाहिलं. माझं कामच ते आहे.

पहिली ओळ तुझी आहे. दुसऱ्या ओळीत दाब वाढलाय; कागदाच्या मागून बोट फिरवलं तर अक्षरं लागतात. तिसऱ्या ओळीपासून प्रत्येक अक्षराचं शेवटचं टोक उजवीकडे ओढलं गेलंय आणि पाचव्या ओळीत निबने कागद फाडलाय. तू म्हणतोस, मनगटात थोडी कळ आहे, वय झालं. कळ असलेला माणूस हळू आणि हलकं लिहितो. तुझी बोटं टाकाला आवळतायत आणि मनगट आपोआप वळतंय. कपाचा कान धरताना, बटण लावताना, किल्ली फिरवताना असं होतं का? होत नसेल, तर हे वय नव्हे. याला डिस्टोनिया म्हणतात. हात धड असतो, पण लिहायचं म्हटलं की मेंदू नको त्या स्नायूंनाही हुकूम सोडतो. वर्षानुवर्षं बारीक, एकसारखं काम करणाऱ्यांना होतो.

आता दुसरं. मी काम करते तिथे याच आजारावरच्या एका औषधाची चाचणी चालू आहे. सहा रुग्णालयं आहेत, त्यातलं एक तुमच्या गावात. औषध म्हणजे बोट्युलिनम नावाचं विष. डबाबंद अन्न खराब झालं की त्यात जे जंतू वाढतात, त्यांचं. ते अगदी अंशभर, नेमक्या स्नायूत टोचलं की तो स्नायू तीनेक महिने ढिला पडतो. निम्म्या लोकांना औषध देतात, निम्म्यांना मीठ-पाणी. कोणाला काय दिलं ते रुग्णाला माहीत नसतं, टोचणाऱ्या डॉक्टरांना नसतं आणि मलाही नसतं. लोक एका इलेक्ट्रॉनिक पाटीवर ठरलेलं वाक्य लिहितात, ते माझ्याकडे नुसत्या क्रमांकाखाली येतं आणि मी त्याला गुण देते. बारा आठवडे पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला शेवटी खरं औषध मिळतं.

जायचं की नाही ते तू ठरव. पण गेलास तर मला सांगू नकोस. अक्षर ओळखीचं निघालं तर मला ते बाजूला काढून कळवावं लागतं, आणि तो माणूस चाचणीतून बाहेर जातो.

— मोजपट्टी


२५ मार्च

मोजपट्टे,

हे अक्षर तुझ्या मामीचं आहे. मी बोलतोय, ती लिहितेय. तिची अट अशी की तिला जे पटणार नाही ते ती कंसात लिहिणार. (लिहिणारच. — मामी)

कप, बटण, किल्ली, सगळं बरोबर विचारलंस. काही होत नाही. परवा मी सुईत दोरा ओवला. (माझ्या सुईत माझा दोरा ओवला आणि वर मलाच ऐकवलं की बघ, हात ठणठणीत आहे. मी म्हटलं, मग टाकालाच काय धाड भरलीय?) टाक घेतला की मात्र तो हात माझा राहत नाही. दुसऱ्या कुणाचा तरी, आणि तोही रागावलेला.

तुला बियांचं कपाट माहीत नाही. गेल्या वर्षी एका निवृत्त वनअधिकाऱ्याने जन्मभर जमवलेल्या बिया आमच्या संग्रहालयाला दिल्या. तीनशे चाळीस बाटल्या. मोहरीच्या दाण्यापेक्षा बारीक बीपासून मुठीएवढ्या बीपर्यंत. एकोणचाळीस कपाटांवरची लेबलं माझ्या हातची आहेत, हे चाळिसावं. बावीस लेबलं झाली आणि हात अडला.

आमच्या संचालकबाई माणूस वाईट नाहीत. पण त्यांनी सरळ सांगितलं: डिसेंबरअखेर तुम्ही निवृत्त होताय, तोवर कपाट झालं तर उत्तम, नाही तर मी लेबलं छापून घेते. आणि एक कपाट छापील, बाकीची हाताची, हे शोभणार नाही, म्हणून मग एकोणचाळीसही छापायची. एकतीस वर्षं झाली गं. (इथे मी पाणी आणून दिलं.)

शाळेला सुट्टी असली की तुझी आई दिवसपाळीला जाता जाता तुला संग्रहालयाच्या मागच्या दाराने माझ्या खोलीत सोडायची. तू तासभर कुणाशी बोलायची नाहीस. शंख बघायचीस, मग माझा हात बघायचीस, मग परत शंख. मी पहारेकऱ्याला सांगायचो, ही नवी तपासनीस आहे, वरून पाठवलीय. तो खरंच उठून उभा राहायचा.

रुग्णालयाबद्दल मी काही म्हणत नाही. तूच सांगितलंस ना. (मीही काही म्हणत नाही.)

मामा आणि लेखनिक


८ एप्रिल

मामा, मामी,

कंस आवडले. चालू ठेवा.

आमच्या मुख्य डॉक्टरांना मी सांगून ठेवलंय की माझा एक नातेवाईक चाचणीत येण्याची शक्यता आहे. त्यांनी विचारलं, अक्षर ओळखशील? मी हो म्हटलं. "मग ओळखलंस की त्याच दिवशी सांग," एवढं बोलून त्यांनी ते कागदावर घेतलं आणि माझी सही घेतली. तेव्हा हात हा विषय बंद. चाचणी संपेपर्यंत पत्रं मामीच्याच अक्षरात यावीत.

माझी खोली तुझ्या मागच्या खोलीच्या निम्मी आहे. खिडकी नाही. दोन पडदे आहेत: एकावर माणसाने ओढलेली रेघ दिसते, दुसऱ्यावर त्याच रेघेचा वेग आणि दाब. पाटी सेकंदाला दोनशे वेळा पेनाची जागा टिपते. रोज सकाळी पाटी तपासायला मला स्वतः एक रेघ ओढावी लागते. तुझ्या खोलीत डांबरगोळ्यांचा आणि डिंकाचा वास असायचा, आणि टाक टेकवण्याआधी तू अर्धा श्वास सोडायचास. मीही सोडायचे, तू सांगितलं नव्हतंस तरी. परवा सहकाऱ्याने विचारलं, सकाळी सकाळी दमलीस का. मी अजून तो अर्धा श्वास सोडते, हे मला त्यामुळे कळलं.

चाचणीचं वाक्यही मीच रचलंय. वर जाणारी, खाली येणारी, गाठ मारणारी, उलटी फिरणारी, सगळी वळणं एका ओळीत हवी होती. बाकीच्यांनी आठवडाभर डोकं खाजवलं, मला ते बसल्या जागी पाच मिनिटांत सुचलं. बैठकीत कौतुक झालं. कोणतं वाक्य, ते अर्थातच सांगणार नाही.

— मोजपट्टी


९ जून

मोजपट्टे,

हाताबद्दल बोलायचं नाही, तर आज पायाबद्दल बोलतो. दोन्ही पाय उत्तम आहेत. रोज संग्रहालयापर्यंत चालत जातो. (आणि येताना रिक्षाने येतात.)

सध्या सुट्टीतल्या शिबिरांची मुलं येतायत. काल एका मुलीने शिंपल्यांच्या कपाटाला नाक लावून लेबल वाचलं आणि मला विचारलं, हे छापलंय का हो? मी म्हटलं, नाही, हे मी लिहिलंय. ती म्हणाली, खोटं. मला इतकं बरं वाटलं की मी तिला आतल्या खोलीत नेऊन टाक आणि दौत दाखवली. लिहून दाखवा म्हणाली. मी म्हटलं, आज सुट्टी आहे. (मुलीने त्यांना सांगितलं की आज मंगळवार आहे.)

तुला मोजपट्टी कधीपासून म्हणतो, आठवतं का? तू सात वर्षांची होतीस. माझी पट्टी घेतलीस, खनिजांच्या कपाटापुढे बसलीस आणि दोन लेबलांमधलं अंतर मोजत सुटलीस. अकराव्या खणापाशी आलीस आणि म्हणालीस, मामा, इथे अर्धा मिलिमीटर कमी आहे. मी म्हटलं, अगं, कुणाला दिसतं? तू म्हणालीस, मला. मी ते लेबल काढून पुन्हा चिकटवलं. तुझ्या आईला वाटलं, मी चेष्टेत केलं. चेष्टेत केलं नव्हतं.

बियांचं कपाट आहे तिथेच आहे. बावीस. पण मला हल्ली असं वाटायला लागलंय की (पुढचं वाक्य मी खोडलं. नियम म्हणजे नियम. ते सध्या खुशीत आहेत, एवढं सांगते. — मामी)

मामा


२२ जुलै

मामा,

एक प्रश्न विचारते. तुझ्या हाताचा नाही, अक्षराचा आहे, आणि अक्षर तुझ्याइतकं कळणारं माझ्या ओळखीत कुणी नाही.

समज, एका माणसाचं लिहिताना हात आखडणं डॉक्टरांनी तपासून तीव्र असं नोंदवलंय. पण पाटीवरचं त्याचं लिखाण पहिल्या दिवसापासून, म्हणजे इंजेक्शनच्याही आधीपासून, जवळजवळ स्वच्छ आहे. दाब योग्य. रेघ कुठे भरकटत नाही. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं गोल आणि सुटं. फक्त प्रत्येक अक्षराआधी पेन पाऊण सेकंद हवेत थांबतं. सवयीने लिहिणारा शब्द संपल्यावर थांबतो, अक्षरा-अक्षराला थांबत नाही. हा माणूस प्रत्येक अक्षर ठरवून काढतोय.

मोठं माणूस असं कधी लिहितं?

इथे फार उकडतंय. पाटी गरम झाली की चुकते, म्हणून तिच्यासाठी पंखा आणलाय. माझ्यासाठी नाही.

— मोजपट्टी


४ ऑगस्ट

मोजपट्टे,

माणसं नाना कारणांनी थांबतात. चष्मा बदलला असेल. पाटी पहिल्यांदाच पाहिली असेल. आपण नाही का, साहेबांसमोर एक बोलतो आणि घरी एक. तसं लिहीतही असेल कुणी. तू त्या माणसाचं फार मनावर घेऊ नकोस. शेकडो कागद असतील तुझ्यापुढे, एखादा विचित्र असायचाच. सोडून दे.

संचालकबाईंनी छापखान्यातून नमुना मागवलाय. ठसठशीत काळी अक्षरं, गुळगुळीत कागद. मला दाखवून म्हणाल्या, वाईट नाही ना दिसत? मी म्हटलं, नाही, वाईट नाही दिसत.

आज एवढंच.

मामा

(हे एवढंसं उत्तर सांगताना त्यांनी तीनदा चहा मागितला आणि एकदाही प्यायले नाहीत. का, ते मला माहीत नाही. — मामी)


१६ ऑगस्ट

मामा,

मी त्याला सोडलं नाही.

त्या माणसाचे, सतरा क्रमांकाचे, तिन्ही वेळचे कागद मी शेजारी-शेजारी लावले. पहिला इंजेक्शनच्या आधीचा, मग सहा आठवड्यांचा, मग बारा. तिन्हींत काही फरक नाही. बिघाड असता तर तो पहिल्या कागदात दिसला असता. मी शेरा लिहून दिलाय: "लक्षणांचं सोंग असण्याची दाट शक्यता." खरं औषध देण्याआधी त्याला पुन्हा तपासावं, असं त्या केंद्राला कळवलंय.

हे मी तुला लिहायला नको होतं. पण राग आलाय, आणि तो कुठे ठेवावा ते कळत नाही. प्रत्येक केंद्रात मोजक्याच जागा असतात. एकीकडे एखाद्याचं आयुष्यभराचं काम एका कपाटापाशी अडलेलं असतं, आणि दुसरीकडे कुणीतरी धडधाकट हात घेऊन येतो, खुर्चीवर बसतो आणि आजाऱ्याची जागा अडवतो. कशासाठी, ते त्यालाच माहीत.

— मोजपट्टी


२७ ऑगस्ट

मोजपट्टे,

तो माणूस मी आहे. माझ्या सगळ्या कागदांवर सतरा लिहिलेलं आहे.

पंधरा एप्रिलला गेलो. डॉक्टरांसमोर साध्या कागदावर लिहिलं तेव्हा हात असा पिळला की त्यांचं बॉलपेन उडून त्यांच्याच बुटापाशी पडलं. ते खरं होतं. मग परिचारिकेने पाटीसमोर बसवलं आणि वाक्याचा कागद पुढे ठेवला. "झाकण उघड, आठ शंख मोज, क्षणभर थांब, मग जाळी ओढ."

मला हसू आलं. तिला वाटलं, घाबरलो. अगं, हे वाक्य तू रचलेलं नाहीस. मी रचलंय, शंखांच्या कपाटासमोर बसून, तू सात वर्षांची असताना. तुझा ळ लोळायचा आणि ढ ला पोट सुटायचं, म्हणून. तू त्या सुट्टीत ते चारशे वेळा तरी लिहिलं असशील. वहीच्या प्रत्येक पानावर पहिली ओळ मी लिहायचो, खालच्या तू. साऱ्या जगात एक ओळ अशी असेल की जिच्यावरून तू मला डोळे झाकून ओळखशील, तर ती हीच. आणि तीच माझ्यापुढे आली. मी पहिला झ काढला असता, तर तू मला बाजूला काढून ठेवलं असतंस.

तुला अडचणीत टाकायचं नव्हतं, हे खरं. पण सगळं खरं सांगायचं तर मला बाहेर जायचं नव्हतं. बाहेर गेलो की शेवटचं औषध गेलं, आणि औषध गेलं की कपाटं गेली. म्हणून पहिलीतल्या पोरासारखं लिहिलं. गोल, सुटं, एकेक अक्षर आठवून.

हात पिळला नाही. मला वाटलं, घाबरल्यामुळे हात विसरला असेल. मग त्यांनी सुई टोचली. सुईला वायर लावलेली होती आणि यंत्रातून माझ्या स्नायूचा चुरचुर असा आवाज येत होता, पापड भाजल्यासारखा. नंतरच्या दोन्ही वेळी तसंच पोराचं अक्षर काढलं आणि सोपं गेलं, तेव्हा म्हटलं, औषध लागू पडलं. घरी येऊन टाक घेतला, माझं अक्षर काढायला गेलो, तर हात तसाच. मग म्हटलं, मीठ-पाणी असेल. मग परत म्हटलं, औषधच असेल, जरा वेळ लागत असेल. असे बारा आठवडे काढले.

तू सोंग म्हणालीस ते तुझ्या जागी बरोबर आहे. मामीने वाचून दाखवलं तेव्हा जरा लागलं, इतकंच. आता तुला जे करावं लागेल ते कर.

मामा

(मला यातलं काही माहीत नव्हतं. आज लिहिता लिहिता कळतंय. — मामी)


१४ सप्टेंबर

मामा,

पत्र मिळालं त्याच दिवशी मुख्य डॉक्टरांना दाखवलं. तुझी नोंद चाचणीतून काढली. मी एका रुग्णाविषयी घरच्या पत्रांत लिहिलं, तेही सांगितलं. त्याबद्दल मला लेखी समज मिळाली आणि ती योग्य आहे. सोंगाचा शेरा मागे घेतला. कारण विचारणाऱ्या रकान्यात लिहिलं: "तपासणाऱ्या व्यक्तीची चूक."

वाक्याबद्दल. ती वही माझ्या बॅगेच्या तळाशी आहे हे मला माहीत होतं. बारा वर्षांत उघडली नव्हती. चौथं पान. पहिली ओळ तुझी, खालच्या एकोणीस माझ्या. मी कुणालाही शपथेवर सांगितलं असतं की वाक्य माझं आहे. पाच मिनिटांत कसं सुचलं, हा प्रश्न मला पडला नाही. बाकी प्रत्येक गोष्टीत मला तो पडतो. चाचणीच्या दस्तऐवजात "वाक्य: संशोधन गटाने रचलेले" असं छापलंय. मी दुरुस्तीपत्रक दिलं: "वाक्य: वस्तुसंग्रहालयातील एका लेबल-लेखकाने भाचीच्या सरावासाठी रचलेले." मुख्य डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं, "भाचीच्या" या शब्दावर पेन्सिल टेकवली आणि मग तो तसाच राहू दिला.

नोंद बाद झाल्यामुळे, कुणाला काय टोचलं ते लिहिलेल्या बंद लिफाफ्यांपैकी तुझा उघडता आला. तुला मीठ-पाणी मिळालं होतं.

म्हणजे हात सोपा गेला तो सुईमुळे नाही. मामा, हा आजार एका ठरावीक हालचालीला चिकटलेला असतो. जे अक्षर तुझ्यात एकतीस वर्षं मुरलंय, त्याच वाटेवर तो बसलाय. पोराचं अक्षर ही दुसरी वाट आहे आणि तिथे तो पोचलेला नाही. सगळ्यांना असं जमत नाही, काहींना जमतं. हे मी तुझ्या कागदांत बघायला हवं होतं. मी त्यात लबाडी बघितली.

खरं औषध तुला चाचणीबाहेर, नेहमीचा रुग्ण म्हणून घेता येईल. पहिली मोकळी तारीख ९ फेब्रुवारी आहे. तुझं नाव घातलंय. पण कपाटाची मुदत डिसेंबर आहे, आणि तोवर तुझ्याकडे चालणारं अक्षर एकच आहे.

सोंग या शब्दाबद्दल: तो मी लिहायला नको होता.

— मोजपट्टी


३० ऑक्टोबर

मामा,

दीड महिना झाला. रागावला असशील तर तसं मामीला लिहायला सांग.

— मोजपट्टी


६ नोव्हेंबर

बाळ,

आज कंसाबाहेर मी.

ते रागावलेले नाहीत. तुझं पत्र आलं त्या दिवशी त्यांनी ते स्वतः वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि चालायला गेले. आठ दिवस बियांचा विषय काढला नाही. मग एका सकाळी डबा घेतला, टाक घरीच ठेवला आणि दुकानातून साधं बारीक टोकाचं पेन घेऊन संग्रहालयात गेले. तेव्हापासून रोज पाच-सहा लेबलं होतात. जास्त केली की मन जुन्या वळणावर जातं आणि लगेच मनगट फिरतं, असं म्हणतात. मग उठून खोलीत दोन फेऱ्या मारतात आणि परत बसतात.

एकदा ते डबा विसरले म्हणून मला जावं लागलं. दारातून पाहिलं तर ते लिहीत होते, जीभ बाहेर काढून, लहान पोरं काढतात तशी. मी आत गेले नाही. डबा पहारेकऱ्याकडे दिला.

झालेली लेबलं दाखवत नाहीत. मी म्हटलं, दाखवा तरी, काय चोरीचा माल आहे का? म्हणाले, अजून माझी वाटत नाहीत. घरातलं कुणी कायमचं परगावी गेल्यावर माणूस जसं जेवतं, तसे जेवतात. पण जेवतात.

तू काळजी करू नकोस, आणि जेवत जा.

मामी


१९ डिसेंबर

मोजपट्टे,

हे मी लिहितोय. हळू लिहितो, म्हणून थोडं लिहितो.

कपाट झालं. तीनशे चाळीस. पहिली बावीस जुनी आहेत, ती तशीच ठेवली. तेविसाव्यापासून दुसरा माणूस.

संचालकबाई आल्या. पहिल्या खणापासून शेवटच्या खणापर्यंत चालत गेल्या. मग म्हणाल्या, हे कोणी लिहिलं? मी म्हटलं, मीच. त्या म्हणाल्या, बाकीच्यांशी जुळत नाही. मी म्हटलं, नाही जुळत. त्या परत मागे गेल्या, तेविसाव्या बाटलीपाशी थांबल्या, चष्मा काढला, लावला. म्हणाल्या, पण हाताचंच आहे. छापखान्याचा नमुना त्यांच्या टेबलावर होता, तो त्यांनी फायलीत घातला आणि फाईल शिपायाकडे दिली. एकोणचाळीस कपाटं राहिली. चाळिसावंही.

दोन दिवस मला आनंद झाला नाही. तिसऱ्या दिवशी झाला.

आता फेब्रुवारीचं. ती तारीख रद्द करावी म्हणतो. कपाट झालं. महिनाअखेर माझी नोकरीही संपली. औषधाने जुनं अक्षर आलंच तर तीन महिने राहणार, मग पुन्हा सुई. घरी बसलेल्या माणसाला ते हवंय कशाला? वाण्याची यादी या अक्षरातही होते. मामी म्हणते, तुझं तू ठरव. मी तुला विचारतो. मला बरं वाटेल असं नको, खरं ते सांग.

मामा


२८ डिसेंबर

मामा,

तुझं पाकीट सोमवारी आलं आणि मी ते बुधवारी उघडलं. पत्ता कुणा शाळकरी मुलाने लिहिलाय असं वाटलं, म्हणून जाहिरातींच्या गठ्ठ्यात टाकलं होतं. सतरा क्रमांकाची तिन्ही पानं मी तासन्‌तास पाहिली आहेत. हे तेच अक्षर. तरी ओळखलं नाही. ते अजून माझ्या डोक्यात एका अनोळखी माणसाच्या नावावर आहे.

तिसऱ्या दिवशी आनंद झाला हे वाचून बरं वाटलं. मला पत्र वाचताच झाला.

तू खरं विचारलंस. आधी जे खात्रीने सांगता येतं ते सांगते. औषधाने जुनं अक्षर परत येईल असं मी म्हणू शकत नाही. आमची चाचणी अजून संपलेली नाही. आलं तरी तू म्हणतोस तसं ते उतरणार आणि पुन्हा टोचून घ्यावं लागणार. सुरुवातीचे काही आठवडे बोटं ढिली पडू शकतात, हातातून कप सुटू शकतो. मामीला आधी सांगून ठेव, म्हणजे ती चांगले कप वर ठेवेल. कपाट पूर्ण झालंय, नोकरी संपतेय, रोजचं सगळं लिखाण तुला या अक्षरात जमतंय. या सगळ्याचा विचार केला तर तारीख रद्द करणं योग्य आहे. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी इथेच थांबले असते.

तू ती रद्द करू नकोस.

मी वसतिगृहात गेले तेव्हापासून दर महिन्याला तुझं पत्र यायचं. ते मी लगेच उघडायचे नाही. पाकीट टेबलावर पत्त्याची बाजू वर करून ठेवायचे, कामं आटपायचे, येता-जाता बघायचे. त्यावर माझं नाव तुझ्या हातचं असायचं. ओळखपत्रावर, खोलीच्या दारावर, पगाराच्या कागदावर माझं नाव बरोबर असतं, तेवढंच. तू लिहिलेलं असलं की ते माझं असायचं. मार्चपासून तसं पाकीट आलेलं नाही. किती महिने झाले ते मी मोजलेत, पण सांगत नाही.

हे कारण वैद्यकीय नाही. आमच्या कोणत्याही अर्जात त्याला रकाना नाही, आणि मी स्वतःसाठी काही मागतेय, हेही मला नीट जमत नाही. पण तू खरं विचारलंस म्हणून लिहिते. मला ते पाकिटावर परत बघायचंय. तीन महिन्यांसाठी आलं तरी चालेल.

— मोजपट्टी